मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मेदाचा वाटा नेमका कुठे?

प्रश्न असा आहे: मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगात मेदाच्या चयापचयाची भूमिका काय, आणि खाण्यातले स्निग्ध पदार्थ कमी केले तर हा आजार टळतो किंवा आटोक्यात येतो का?

आधी थेट उत्तर देतो. भूमिका मोठी आहे. पण खाण्यातला मेद, रक्तातला मेद, अंगावर साठलेला मेद आणि गाठीतल्या पेशीने स्वतः तयार केलेला मेद या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की सल्ला चुकतो. निदान झाल्याबरोबर रुग्ण तेल पूर्ण बंद करतो, महिन्याभरात वजन घटवून बसतो आणि केमोथेरपी सोसायची ताकद घालवतो; गाठीवर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही. हे टाळता येण्यासारखे नुकसान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात निरोगी आतड्यापासून करावी लागते, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुळातच मेदाम्लावर (फॅटी अॅसिडवर) जगतात. शरीरातल्या बऱ्याच पेशी ग्लुकोजवर भागवतात. या पेशी मात्र आपल्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग ब्युटिरेट या चार कार्बनच्या छोट्या मेदाम्लातून मिळवतात. हे ब्युटिरेट खाण्यातून थेट येत नाही. न पचलेला तंतुमय भाग आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ते तयार होते. निरोगी पेशी ते मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जाळून टाकते. कर्करोगाची पेशी ग्लुकोजवर भर देते, त्यामुळे ब्युटिरेट न जळता साठते, केंद्रकापर्यंत पोहोचते आणि तिथे हिस्टोन डीअॅसिटिलेज या, जनुके बंद ठेवायला हातभार लावणाऱ्या एन्झाइमांना अडवते. परिणामी पेशीची वाढ मंदावते, कधी ती मरते. एकच रेणू निरोगी पेशीला अन्न आणि बिघडलेल्या पेशीला अडथळा ठरतो. तंतुमय आहाराच्या बाजूने जे काही पुरावे आहेत, त्यांच्यामागचे हे सर्वांत पटणारे कारण मला वाटते.

आता गाठीतली पेशी. तिला सतत विभागायचे असते आणि प्रत्येक विभाजनाला नवे पेशीपटल, म्हणजे पेशीचे आवरण, लागते. पटल म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल. निरोगी पेशी ही गरज बहुतांशी रक्तातून भागवते. गाठीतली पेशी स्वतःचा कारखाना सुरू करते. त्याची साखळी अशी: ग्लुकोजपासून बनलेले सायट्रेट मायटोकाँड्रियातून बाहेर पडते. एसीएलवाय हे एन्झाइम त्याचे तुकडे करून अॅसिटिल-कोए हा दोन कार्बनचा तुकडा देते. एसीसी हे एन्झाइम त्याला एक कार्बन जोडून मॅलोनिल-कोए बनवते. मग फॅटी अॅसिड सिंथेज, म्हणजे एफएएसएन, एका अॅसिटिल-कोएवर सात मॅलोनिल-कोएमधले दोन-दोन कार्बन सात फेऱ्यांत जोडत जाते आणि १६ कार्बनचे पामिटेट तयार होते. एका पामिटेटमागे ७ एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) आणि १४ एनएडीपीएच (बांधणीसाठी इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) खर्च होतात. काम महागडे आहे, तरी पेशी ते करते, कारण तिला हवा तसा मेद हव्या त्या वेळी मिळतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एफएएसएनचे प्रमाण अनेकदा वाढलेले सापडते.

या साखळीचा मुख्य स्विच म्हणजे एसआरईबीपी-१ हे प्रथिन, आणि त्याला चालू करणाऱ्यांत इन्सुलिन आहे. लठ्ठपणा, इन्सुलिनला दाद न देणारे शरीर आणि गाठीतला मेदनिर्मितीचा कारखाना यांची गाठ इथे पडते. म्हणजे कच्चा माल साखरेचा, हुकूम इन्सुलिनचा आणि उत्पादन मेदाचे. तेल बंद करून हा कारखाना बंद का पडत नाही, हे एवढ्यावरून समजावे.

तयार झालेले पामिटेट तसेच ठेवणे पेशीला परवडत नाही. संपृक्त, म्हणजे साखळीत दुहेरी बंध नसलेली मेदाम्ले साचली तर पटल ताठर होते आणि पेशीवर ताण येतो. म्हणून एससीडी-१ हे एन्झाइम साखळीत एक दुहेरी बंध घालते आणि ओलिएटसारखी एक-असंपृक्त मेदाम्ले बनवते. यात पेशीचा आणखी एक फायदा आहे. बहु-असंपृक्त मेदाम्ले सहज ऑक्सिडाइझ होतात आणि त्यातून फेरोप्टोसिस नावाचा पेशीमृत्यू होऊ शकतो. पटलात ओलिएट जास्त असले की पेशी त्यातून वाचते. उरलेला मेद थेंबांच्या रूपात साठवला जातो. कर्करोगाच्या मूलपेशींमध्ये हे थेंब विशेष भरपूर दिसतात.

ही झाली निर्मिती. दुसऱ्या बाजूला, हीच गाठ बाहेरचा मेद ओढून जाळतेही. मोठ्या आतड्याभोवती चरबीचे जाड वेष्टन असते. गाठ आतड्याची भिंत भेदून बाहेर आली की तिची कड या चरबीपेशींना भिडते. चरबीपेशी मेदाम्ले सोडतात, सीडी३६ हा वाहक ती आत घेतो आणि सीपीटी-१ हे एन्झाइम त्यांना मायटोकाँड्रियाच्या दारातून आत ढकलते. एक पामिटेट सात फेऱ्यांत जळून निव्वळ १०६ एटीपी देते; ग्लुकोजच्या एका रेणूतून साधारण ३० ते ३२ मिळतात. रक्तपुरवठा तोकडा असलेल्या जागी ग्लुकोज अपुरा पडला तर हा आधार मोलाचा असतो.

इथे विद्यार्थी हमखास अडखळतात. मॅलोनिल-कोए हाच सीपीटी-१ चा लगाम आहे. म्हणजे मेद बनवण्याचे काम जोरात असेल तर जाळण्याचे मंदावायला हवे. मग गाठीत दोन्ही कसे? उत्तर जागेत आणि वेळेत आहे. गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच वेळी एकच काम करत नाहीत. मधल्या भागातल्या पेशी बनवत असतील तेव्हा कडेच्या जाळत असतात, आणि एकच पेशीदेखील परिस्थिती पाहून पालटते. सबंध गाठ कुटून तिचे एकत्र मोजमाप केले की ही दोन चित्रे एकमेकांवर पडतात आणि निष्कर्ष गोंधळाचे येतात.

याच पालटण्यामुळे औषधांचे काम अवघड झाले आहे. एफएएसएन अडवले की पेशी सीडी३६ वाढवते आणि रक्तातून मेद घेऊ लागते. या एन्झाइमावरची नवी औषधे चाचण्यांत आहेत, पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या नियमित उपचारात त्यांना अजून जागा नाही. वजन कमी करायचे ऑर्लिस्टॅट प्रयोगशाळेच्या बशीत एफएएसएन अडवते हे खरे. मात्र तोंडाने घेतलेले ऑर्लिस्टॅट रक्तात जवळपास जातच नाही. ते आतड्याच्या पोकळीतल्या लायपेज एन्झाइमावर काम करून मलावाटे निघून जाते. म्हणून ते कर्करोगावर घेण्यात अर्थ नाही.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांचेही तसेच. कोलेस्टेरॉल बनवण्याचा मार्ग गाठीला लागतो, स्टॅटिन तो अडवते, तेव्हा उपयोग व्हावा असे वाटणे साहजिक आहे. २००५ मध्ये आलेल्या एका रुग्ण-नियंत्रण अभ्यासात किमान पाच वर्षे स्टॅटिन घेणाऱ्यांत या कर्करोगाचा सापेक्ष धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला होता. यादृच्छिक चाचण्यांच्या एकत्रित आकडेवारीत मात्र तसा फायदा दिसला नाही. हृदयासाठी स्टॅटिन चालू असेल तर चालू राहू द्या. कर्करोग टाळायला म्हणून सुरू करू नका.

मेदाच्या चयापचयातला सर्वांत ठोस, माणसांत तपासला गेलेला धागा वेगळाच आहे: प्रोस्टाग्लॅंडिन, म्हणजे मेदाम्लापासून बनणारे निरोपे रेणू. पेशीपटलात अरॅकिडॉनिक आम्ल असते, २० कार्बन आणि चार दुहेरी बंधांचे. फॉस्फोलायपेज ते सुटे करते, कॉक्स-२ हे एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लॅंडिन ई-२ च्या दिशेने पहिले पाऊल टाकते. कर्करोग झालेल्या आतड्याच्या सुमारे ८५ टक्के नमुन्यांत कॉक्स-२ वाढलेले आढळले आहे, आणि पॉलिपच्या, म्हणजे अस्तरावर आलेल्या कर्करोगपूर्व कोंबाच्या, टप्प्यावर साधारण निम्म्या नमुन्यांत. शिवाय ई-२ चा निचरा करणारे १५-पीजीडीएच हे एन्झाइम गाठीत नाहीसे होते. म्हणजे तयार होणे वाढते आणि संपणे थांबते. हे ई-२ पेशीची वाढ चेतवते, नव्या रक्तवाहिन्या आणते आणि प्रतिकारपेशींना गप्प बसवते.

म्हणून कॉक्स एन्झाइमांना अडवणारे अॅस्पिरिन. लिंच सिंड्रोम या, हा कर्करोग होण्याचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक स्थितीतल्या ८६१ जणांवर झालेल्या कॅप-२ चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन किमान दोन वर्षे देण्याचा आराखडा होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात अॅस्पिरिन गटातल्या ९ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या १३ टक्के लोकांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. २०२५ मध्ये उत्तर युरोपात झालेल्या अॅलास्का चाचणीचा निकाल आला. शस्त्रक्रियेनंतर, ज्यांच्या गाठीत पीआय३के या, पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या मार्गातले जनुकीय बदल होते, त्यांना रोज १६० मिलिग्रॅम अॅस्पिरिन तीन वर्षे दिले. पीआयके३सीए जनुकाच्या ठरावीक जागी बदल असलेल्या गटात तीन वर्षांतले पुनरुद्भवाचे प्रमाण ७.७ टक्के राहिले, अॅस्पिरिनशिवाय ते १४.१ टक्के होते. गाठीची जनुकीय तपासणी आधीच झाली असेल तर अहवालात पीआयके३सीए (PIK3CA), पीआयके३आर१ (PIK3R1) आणि पीटीईएन (PTEN) ही नावे शोधा आणि कर्करोगतज्ज्ञांना या चाचणीबद्दल थेट विचारा.

पण हे सर्वांसाठी नाही. मुख्यतः ७० वर्षांवरच्या निरोगी लोकांवर झालेल्या अॅस्प्री चाचणीत रोजच्या १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिनने कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत, उलट वाढलेले दिसले. पोटातला रक्तस्राव हा धोका वेगळाच. कॉक्स-२ तेवढे अडवणाऱ्या औषधांनी पॉलिप घटले, पण हृदयावर संकट आले: रोफेकॉक्सिब २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले, तेही पॉलिप रोखण्यासाठी चाललेल्या चाचणीतच हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसल्यावर. वैद्यकीय सल्ल्याशिवाय रोज अॅस्पिरिन घेऊ नये, हे यासाठीच सांगतो.

आता पित्ताम्ले. खाण्यातला मेद आणि मोठे आतडे यांच्यातला खरा दुवा हा आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून कोलिक आणि किनोडिऑक्सिकोलिक ही पित्ताम्ले बनवते. जेवणात मेद आला की ती लहान आतड्यात उतरतात, मेदाचे बारीक कण करतात आणि सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यात निसटतात. तिथले काही जिवाणू त्यांच्या सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात आणि डिऑक्सिकोलिक व लिथोकोलिक ही दुय्यम आम्ले तयार होतात. डिऑक्सिकोलिक आम्ल पेशीपटल झिजवते, ऑक्सिडेशनचा ताण वाढवते, डीएनएला इजा करते; आणि इजा झालेल्या अस्तराला भरून येण्यासाठी जास्त वेळा विभागावे लागते. मेद जास्त तर पित्त जास्त, आणि तंतू कमी तर मल आतड्यात जास्त वेळ राहतो व ब्युटिरेट घटते. या दोन गोष्टी जोडीने येतात तेव्हा बिघाड होतो.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे स्वच्छ दिसले. २० आफ्रिकी-अमेरिकी आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. पहिल्या गटाला भरपूर तंतू आणि कमी मेद, दुसऱ्याला उलट. पहिल्या गटात ब्युटिरेट वाढले, दुय्यम पित्ताम्ले घटली, अस्तराच्या पेशींचे विभाजन आणि दाह मंदावले. दुसऱ्या गटात नेमके विरुद्ध. फक्त दोन आठवड्यांत. हे कर्करोगाचे आकडे नाहीत, धोक्याच्या खुणांचे आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आणि नुसता मेद कमी केला तर? अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या ४८,८३५ स्त्रिया होत्या. एका गटाला मेदातून येणारी ऊर्जा २० टक्क्यांवर आणायचे उद्दिष्ट दिले. सुमारे आठ वर्षांनी, २००६ मध्ये निकाल आला: मोठ्या आतड्याच्या कर्करोगात घट नाही. उद्दिष्ट पुरते गाठले गेले नव्हते आणि आठ वर्षे या आजारासाठी थोडी आहेत, हे मान्य. तरी ‘तेल सोडा, कर्करोग टाळा’ असे सांगायला यात आधार मिळत नाही. ओमेगा-३ चेही तेच: २५,८७१ लोकांच्या व्हायटल चाचणीत रोज १ ग्रॅमने कर्करोगाचे प्रमाण घटले नाही.

अंगावरच्या मेदाचा पुरावा मात्र भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाशी पक्का संबंध असलेल्या कर्करोगांत मोठ्या आतड्याचा समावेश केला. पोटातली, अवयवांभोवतीची चरबी जास्त त्रासदायक. ती इन्सुलिन वाढवते, दाह पेटता ठेवते, आणि चरबीपेशींच्या संप्रेरकांपैकी लेप्टिन वाढवते, अॅडिपोनेक्टिन घटवते. म्हणून वजनकाट्याइतकेच कंबरेचे माप महत्त्वाचे. दक्षिण आशियाई शरीरठेवणीत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही सीमा धरतात. माप बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घ्यावे. पट्ट्याच्या जागी घेतलेले माप पोट पुढे आलेल्या माणसात कमी भरते.

निदान झालेल्यांनी पुढचा भाग नीट वाचावा, कारण इथे सल्ला उलटतो. उपचार चालू असताना वजन घटवायचे नसते. युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार रोज दर किलो वजनामागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि प्रथिने १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत हवीत. वजन घटत असेल आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नसेल तर कर्बोदकांच्या तुलनेत मेदातून येणारी ऊर्जा वाढवायला तेच मार्गदर्शन सांगते. थोड्या घासात जास्त ऊर्जा देण्याचे काम मेदाइतके दुसरे काही करत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मेदाचा त्रास कुठून येतो तेही पाहा. उजवीकडचे आतडे काढताना लहान आतड्याचा शेवटचा थोडा भाग जातो, पित्ताम्लांचे शोषण घटते आणि ती मोठ्या आतड्यात पोहोचून पाणी सोडायला लावतात. जेवल्यावर लगेच पातळ, पिवळसर, घाईने होणारे जुलाब हे त्याचे लक्षण. साधी जुलाबाची गोळी पुरत नाही. कोलेस्टिरामाइनसारखे पित्ताम्ले बांधून ठेवणारे औषध लागते, बहुधा ४ ग्रॅमच्या पुडीपासून सुरुवात. ते इतर औषधांनाही बांधून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या त्याच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्यात. थायरॉइडची किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी सोबत गिळली की तिचा असर घटतो, आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. दीर्घकाळ चालले तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे तपासावीत. लहान आतड्याचा शेवटचा भाग १०० सेंटीमीटरहून जास्त काढला असेल तर गोष्ट बदलते: तिथे पित्ताम्लेच अपुरी पडतात, मल तेलकट आणि तरंगणारा होतो, आणि कोलेस्टिरामाइनने त्रास वाढतो. अशा रुग्णाला मध्यम साखळीचे मेद उपयोगी पडतात, कारण त्यांना पित्ताची फारशी गरज नसते. एक चमचा देऊन सुरुवात करावी, एकदम वाढवले तर पोटात कळा येतात.

कॅपेसिटाबिन ही केमोथेरपीची गोळी घेणाऱ्या काही रुग्णांत रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारचा मेद) खूप चढते. मधुमेह किंवा आधीपासून मेद वाढलेला असेल तर गोळ्या सुरू करण्यापूर्वी एकदा आणि मग अधूनमधून उपाशीपोटी तपासणी करून घ्यावी; फार वाढल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

उपचार संपल्यावर व्यायामाचा पुरावा आता ठोस आहे. २०२५ मधल्या चॅलेंज चाचणीत केमोथेरपी संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला. आठ वर्षांनी त्यांच्यातले ९०.३ टक्के हयात होते. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ८३.२ टक्के.

या विषयावर प्रयोग करणाऱ्यांसाठी थोडे. पॅराफिनमधल्या कापांवर मेदाचे थेंब शोधू नका. अल्कोहोल आणि झायलीनने ते केव्हाच धुऊन गेलेले असतात. गोठवलेले काप घ्या, ऑइल रेड-ओने रंगवा आणि ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलने थोडकेच धुवा. जुने पॅराफिनचे ठोकळेच हाती असतील तर थेंबांच्या वेष्टनातले पेरिलिपिन-२ हे प्रथिन रंगवावे. नमुना घेताना बाहेरची चरबी कणभर जरी चिकटली तरी मेदाची सगळी मोजणी त्या चरबीचीच होते. पेशींना पामिटेट द्यायचे तर मेदमुक्त अल्ब्युमिनला बांधूनच, आणि सोबत नुसत्या अल्ब्युमिनचा नियंत्रण गट हवा. एफएएसएनचे औषध ‘चालत नाही’ असे दिसले तर आधी सीरम पाहा: १० टक्के साध्या सीरममध्ये पेशीला आयता मेद मिळत असतो. एटोमॉक्सिर काही मायक्रोमोलरमध्येच सीपीटी-१ पुरते अडवते. २०० मायक्रोमोलर वापरले तर श्वसनसाखळीचे पहिले संकुलही बिघडते आणि पेशी मेली ती मेदाअभावी की विषाने, हे सांगता येत नाही.

शेवटी रक्तातल्या लिपिड प्रोफाइलबद्दल, कारण हे वारंवार विचारले जाते. तो या कर्करोगाचा शोध घेणारा तपास नाही. चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये, वाईट आला म्हणून घाबरू नये. शोधासाठी मलातले सूक्ष्म रक्त तपासणारी फिट चाचणी दरवर्षी किंवा कोलोनोस्कोपी हेच मार्ग. आई, वडील किंवा भावंडाला हा आजार झाला असेल तर कोलोनोस्कोपी ४० व्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यातले जे लवकर येईल तेव्हा. मात्र औषध किंवा आहार न बदलता कोलेस्टेरॉल उतरत चालले असेल, सोबत वजन घटत असेल आणि हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेमुळे कमी असेल, तर कोलेस्टेरॉल सुधारले म्हणून आनंद न मानता आतड्याची तपासणी लगेच करून घ्यावी.